टिला कूबिशच्या तीन शिंका

आमच्या रस्त्यावर अजून बोललं जातं की टिला कूबिश दारू पिऊन एका सिनेमावाल्याच्या मोटारीखाली आली, आणि तिनं पोलिसात जाऊ नये म्हणून त्या भल्या माणसानं तिला नटी केलं. ही कंडी मी पिकवली नाही असं शपथेवर सांगणार नाही. त्यातली मोटार माझी, दारू तळघरातल्या बोल्टे कोळसेवाल्यानं ओतली. पण खरी हकीकत आमच्या थापेपेक्षा रंगतदार निघाली, हे माझ्या जिवाला जरा लागलं आहे, म्हणून एकदा सरळ सांगून टाकते. टिला बिअरच्या पेल्याला तोंड लावायची ती वरचा फेस फुंकण्यापुरतं. आणि त्या दिवशी मोटारबिटार काही नव्हती. होता एक जिना, आणि तिच्या कवेत दोन पिसांच्या दुलया.

मी हुल्डा नोआक. बर्लिनच्या वेडिंग भागात, एकामागे एक असलेल्या आवारांपैकी तिसऱ्या आवारात, तिसऱ्या मजल्यावर राहते आणि बायकांची कॉर्सेटं शिवते. कोणाची कंबर किती आणि ती किती सांगते, हे दोन्ही आकडे माझ्या वहीत आहेत, त्यामुळे माझ्याशी कोणी फारसं वाकड्यात शिरत नाही. टिलाचं दार माझ्या दारासमोर. मध्ये एवढंच अंतर की तिनं कांदा परतला की डोळे माझे पाणावायचे.

टिला कोपऱ्यावरच्या फ्राऊ वुट्केकडे कामाला होती. लोक तिथे आपल्या दुलया आणून टाकत. खोळ उसवायची, पिसं वाफेच्या पिंपात घालून घुसळायची, वाळवायची, पुन्हा भरायची आणि घरोघर पोचवायची. नवी पोरगी कामाला लागली की पहिला आठवडा शिंकून शिंकून तिचं टाळकं हलायचं. टिला अकरा वर्षांत एकदाही शिंकली नाही. पिसांच्या ढगात उभी राहून ती पाव खायची. फ्राऊ वुट्के गिऱ्हाइकांना सांगायची, "आमच्या टिलाचं नाक एनॅमलचं आहे, पातेल्यासारखं." आता नाकाचा विषय निघालाच आहे तर सांगते: ते बटाट्यासारखं होतं, आणि नव्या बटाट्यासारखं नव्हे. त्या नाकाखाली रुंद तोंड, वर दोन गोल डोळे, आणि भुवया अशा की एक वर गेली तर दुसरी तिला विचारल्याशिवाय खाली यायची नाही. पोरं रस्त्यात तिला पाहून उगाच हसायची. ती म्हणायची, "फुकट हसता काय रे, मेल्यांनो?"

एकोणीसशे बाराच्या वसंतात फ्रीडरिश रस्त्यावरच्या एका इमारतीतून दोन दुलयांची मागणी आली. पाचव्या मजल्याच्या वर गच्चीवर काचेची एक मोठी खोली होती. तिथे हेर फेन्स्के नावाचे गृहस्थ सिनेमाची चित्रं काढायचे. कंपनीचे मालक तेच, दिग्दर्शक तेच, आणि ऊन गेलं की आकाशाला शिव्या देणारेही तेच. शयनगृहाचा देखावा होता, त्याला दुलया हव्या होत्या. टिला मागच्या जिन्यानं वर चढली. तो जिना कोणा उत्साही बाईनं सकाळीच मेण लावून आरशासारखा घासलेला. वरच्या पायरीवर टिलाचा पाय सटकला आणि ती नऊ पायऱ्या बसल्या बसल्या खाली आली. खालच्या वळणावर हेर फेन्स्के चिरूट ओढत उभे होते. टिला बरोबर त्यांच्या बुटांसमोर येऊन थांबली. टोपी सरळ, दुलया कवेत, पाठ ताठ. मान वर करून म्हणाली, "फ्राऊ वुट्केकडच्या दुलया. सही इथे करा."

हेर फेन्स्केंचा चिरूट विझला. त्यांनी विचारलं, "हे पुन्हा करता येईल तुम्हाला?"

"दुलया घेऊन, की नुसतं?" टिलानं विचारलं.

अशी ती सिनेमात गेली. पण नटी म्हणून नव्हे हो, नुसती पाठ म्हणून.

त्यांच्या चित्रांची नायिका होती लिओनी फॉन डेअर आऊ. हे नाव, त्यातल्या खानदानी 'फॉन'सकट, तिला पाद्र्यानं दिलेलं नव्हतं. तिची आई पांकोमध्ये खारवलेल्या काकड्या विकायची, हे मला तिच्या कॉर्सेटवालीनं सांगितलंय. पोरगी सुंदर, मन चांगलं, पण पडायला नको म्हणायची. मग पडायची टिला. लिओनीसारखाच झगा, लिओनीसारखाच केसांचा टोप, आणि पाठ कॅमेऱ्याकडे. टिला जिन्यावरून, होडीतून, सायकलवरून, केकच्या टेबलावरून पडायची, कॅमेरा थांबायचा, टिला उठून बाजूला व्हायची, त्याच जागी लिओनी येऊन फतकल मारायची, झग्याच्या चुण्या नीट करायची, आणि कॅमेरा पुन्हा सुरू. करारात दोन कलमं होती. चेहरा दिसता कामा नये, आणि कोण पडतं हे कोणाला सांगता कामा नये. मोडलं तर काम गेलं.

टिलानं फक्त मला सांगितलं, आणि माझ्याकडून शपथ घेतली. मीही फक्त दोघींना सांगितलं, आणि दोघींकडून शपथ घेतली. शनिवारपर्यंत अख्ख्या आवारानं शपथ घेतलेली होती.

आमच्या कोपऱ्यावर पूर्वी किराण्याचं दुकान होतं तिथे सिनेमा निघाला होता. बाकं, पांढरं कापड, एक पियानो, आणि ओल्या कोटांचा नि माशांच्या लोणच्याचा वास. कापडाच्या शेजारी काठी घेऊन मुद्राक नावाचा माणूस उभा राहायचा आणि चित्रात काय चाललंय ते समजावून सांगायचा. तो आधी लिलावात बोली पुकारायचा, त्यामुळे दुःखाचा प्रसंगही असा सांगायचा की बाकावरचा माणूस खिशात हात घालायचा. त्या शनिवारी पडद्यावर एक बाई होडीतून पाण्यात पडली आणि बोल्टे बाकावरून उठून ओरडला, "अरे, ही तर टिलाची पाठ!"

आम्ही ती कशी नाही ओळखणार? अकरा वर्षं दुलया घेऊन जिने चढताना तिची पाठच तर आम्ही पाहिली होती. सगळं आवार टाळ्या पिटू लागलं. मुद्राकनं काठी पाठीवर टेकवून म्हटलं, "सभ्य स्त्रीपुरुषहो, ही जी पाठ आपण पाहत आहात, तिचं नाव सांगायची मला मनाई आहे. पण ती तिसऱ्या आवारात राहते."

मी अभिमानानं एवढी फुगले की माझ्याच हातचं कॉर्सेट करकरलं. पण फ्राऊ वुट्के मागच्या बाकावरून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "त्यात काय एवढं? पाठ सगळ्यांनाच असते. तोंड दाखवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण ते तोंड कोण दाखवील?"

टिला हसली. तिनं हसायलाच हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात बटाटे सोलताना ती एका बटाट्याकडे बराच वेळ बघत बसली.

"काय गं, नातेवाईक भेटला काय?" मी विचारलं.

"हुल्डा, गंमत नको. तू काल हसू ऐकलंस?"

"ऐकलं म्हणजे? माझंच सगळ्यांत मोठं होतं."

"ते कधी थांबलं, ते ऐकलंस का?"

मी म्हटलं, हसू कधी थांबतं हे बघायला मी काय स्टेशनमास्तर आहे?

"लिओनीचा चेहरा आला की थांबतं," टिला म्हणाली. "मी पडते तेव्हा लोक हसायला लागतात. मग वाट बघतात, की आता ही बाई काय करणार? पडलेल्या माणसाचं तोंड बघायचं असतं गं लोकांना. आणि तिथे येऊन बसते लिओनी, फुलदाणीसारखी. झालं, हसू गार. मी प्रत्येक खेळाला मोजलंय. मी वर चढवते, आणि ती जिन्यावरून ढकलून देते."

"मग सांग की फेन्स्केला."

"सांगितलं. ते म्हणाले, लोक सुंदर चेहरा बघायला पैसे देतात. बटाटा त्यांना घरी मिळतो." तिनं सोललेला बटाटा पातेल्यात टाकला. पाणी माझ्या तोंडावर उडालं. "एकदा, हुल्डा. एकदाच माझं तोंड त्या कापडावर यायला पाहिजे. मग नाही हसले लोक, तर मी आयुष्यभर पाठ म्हणून राहीन आणि चूं करणार नाही."

हे बोलणं सोपं नव्हतं. फ्राऊ वुट्केनं तिची जागा एव्हाना आपल्या भाचीला दिली होती. पाठीची नोकरी गेली तर टिलाला परत पिसांतही जागा नव्हती.

सप्टेंबरात लग्नाचं चित्र निघालं. नवरी चौदा पायऱ्यांवरून खाली येते, पाय अडकतो, आणि पाहुण्यांसमोर, पाद्र्यासमोर, नवऱ्यासमोर कोसळते. चौदा पायऱ्या म्हणजे चेष्टा नाही. टिला माझ्याकडे आली, की झग्याखाली बांधायला एक उशी शिवून दे, बसायच्या जागी.

"घोड्याचे केस भरते," मी म्हटलं. "आमच्या धंद्यात तेच वापरतात. बसून बसून दगड होतात, पण टिकतात."

"पिसं भर."

"पिसं चेपतात गं. चौथ्या पायरीला तुझं हाड बोलायला लागेल."

"पिसंच भर. पिसांना मी ओळखते."

मला वाटलं, वुट्केकडून फुकट आणली असतील. वाद घातला नाही. माझ्या जुन्या दुलईतली मूठमूठ पिसं काढून मीच भरली, कारण तिनं आणलेली पुरली नाहीत. आणि टाके घातले. आता टाक्यांबद्दल. माझं नाव रस्त्यात टाक्यांसाठी आहे, पण त्या संध्याकाळी माझ्या बहिणीकडे बदक भाजलं होतं आणि मला घाई होती. टाके जरा लांब पडले. टिलानं उशी हातात घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि घेऊन गेली.

झग्याला ऐन वेळी काही झालं तर सुई हवी म्हणून फेन्स्केंनी मला त्या दिवशी बोलावलं होतं, त्यामुळे हे मी ऐकलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. काचेच्या खोलीत भट्टीसारखं तापलेलं. लिओनी खुर्चीत बसून लिंबाचं पाणी पीत होती. कॅमेरावाला एका हातानं दांडा फिरवत होता आणि चाल सांभाळायला ओठांतल्या ओठांत लष्करी कूचाची धून गुणगुणत होता. टिला नवरीच्या वेषात वर उभी राहिली. पांढरा झगा, पांढरा बुरखा, पाठ आमच्याकडे.

"पडा!" फेन्स्के ओरडले.

ती पडली. सातव्या पायरीवर माझे टाके गेले.

झग्याच्या मागच्या भागातून पिसांचा असा लोट उठला, जणू नवरीच्या आत कोणी हंस कापला. आठवी, नववी, दहावी पायरी ती पिसांतच आली. खाली पाठ करून बसली, करारात होतं तशी. पिसं वर गेली आणि संथपणे खाली यायला लागली. पडायचा झगा एकच होता, आणि तो माझ्यामुळे फाटला होता. मी सुई तोंडात धरून टेबलाखाली जायच्या बेतात होते. तेवढ्यात टिला वळली.

चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे. एक पीस तिच्या नाकावर येऊन बसलं. तिचं नाक हललं.

पहिली शिंक तिनं आवरली. कशी आवरली ते काय सांगू! पाद्री समोर आहे, लग्न आहे, आणि नवरी शिंकत नसते. गाल फुगले, डोळे जवळ आले, भुवया एकमेकींच्या अंगावर धावल्या, आणि मग सगळं पुन्हा जागेवर. तिनं विजयी मुद्रेनं पाहुण्यांकडे पाहिलं. दुसरी अर्धी निसटली. बुरखा पुढे शिडासारखा फुगला आणि परत येऊन तिच्या तोंडाला चिकटला. तिसरी मात्र येईना. नवरा झालेल्या नटानं रुमाल पुढे केला. सगळे थांबलो. ती तोंड उघडून बसली, हात वर, एक डोळा मिटलेला. नाही येत. नाहीच येत. तिनं हताश होऊन नवऱ्याकडे गोड हसून पाहिलं, आणि ती आली. नवऱ्याची उंच टोपी उडाली, दोन पाहुणे खुर्चीसकट मागे सरकले.

कॅमेरावाला हसत होता आणि दांडा फिरवतच होता. धून बिघडली होती, कधी जोरात कधी हळू, पण हात थांबत नव्हता. फेन्स्के ओरडत होते, "थांब! थांब, मूर्खा! तिचं तोंड आलं!"

वर काचेवर ढग आला. ऊन गेलं, झगा गेला, आणि चित्र शनिवारी दाखवायचं होतं.

"लिओनीचा जवळून चेहरा घेऊ, बुरख्यात," फेन्स्के म्हणाले. "हे मधलं कापून टाकीन. फ्रॉइलाइन कूबिश, शिंक आली, समजू शकतो. पण पुन्हा तोंड वळलं तर दुसरीकडे पडायला जा."

माझ्या टाक्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मीही ते कोणाच्या लक्षात आणून दिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी चित्र आमच्या कोपऱ्यावर लागलं. फेन्स्केंची ती रीत होती: विकण्याआधी नवं चित्र वेडिंगमध्ये दाखवायचं, आणि आपण टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या बाकावर बसायचं. वेडिंगची माणसं शिष्टाचार म्हणून हसत नाहीत. आली तर ढेकर देतील, पण उगाच हसणार नाहीत.

नवरी जिन्यावर आली. पाय अडकला. गडगडली. आवार हसायला लागलं, चांगलं पोटातून. आणि मग एकदम लिओनीचा चेहरा, बुरख्यात, शांत, जशी चर्चमधली मेणबत्ती. हसू गार. टिला माझ्या शेजारी बसली होती, तिनं माझं मनगट दाबलं, की "ऐकलंस?" पुढच्या देखाव्यात नवरा आला तर तो डोक्यापासून बुटापर्यंत पिसांनी भरलेला. पाद्र्याच्या पुस्तकावर पिसं. पाहुण्यांच्या सूपमध्ये पिसं.

"ही पिसं कुठून आली?" बोल्टे ओरडला.

"कोंबडं कापलं काय मधे?" दुसरा.

"मुद्राक, समजावून सांग की! पगार कशाचा घेतोस?"

मुद्राक लिलाववाला, पण पेचात पडला. म्हणाला, "सभ्य स्त्रीपुरुषहो, लग्नात... वऱ्हाडात... एक कबूतर..." लोकांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. चित्र संपलं. रीळ बदलेपर्यंत काचेवर लिहिलेली नेहमीची सूचना पडद्यावर आली: बायकांनी कृपया टोप्या काढाव्यात. आणि सगळं दुकान बाकं बडवत एकच विचारत होतं, "पिसं कुठली? पिसं कुठली?"

माझं मनगट सुटलं. टिला उठली होती.

"बस खाली," मी तिची बाही धरली. "फेन्स्के मागे बसलाय. बोललीस तर काम गेलं तुझं."

"मी कुठे बोलणार आहे?" ती म्हणाली.

ती पुढे गेली, बिअरच्या रिकाम्या खोक्यावर चढली, आणि कापडासमोर आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. आवार गप्प झालं, कारण ती पाठ आम्हाला पाठ होती. मग ती खाली बसली, धप्पकन, जशी शेवटच्या पायरीवरून. आणि वळली. दिव्याच्या झोतात तो रुंद चेहरा आला, त्याच्यावर आडवी अक्षरं, 'टोप्या काढाव्यात' बरोबर नाकावर.

नाक हललं.

पहिली तिनं आवरली. अक्षरंसुद्धा तिच्या गालांवर फुगली आणि परत बसली. बोल्टे हसायला लागला तो बाकावरून खाली. दुसरीला बुरखा नव्हता. तिनं स्वतःच्या शालीचा केला. आणि तिसरीसाठी तिनं आम्हाला ताटकळत ठेवलं. एवढा वेळ, की पियानोवाली उठून उभी राहिली, आणि मुद्राकनं त्या नवऱ्यासारखाच वाकून रुमाल पुढे धरला. येईना. टिलानं त्याच्याकडे गोड हसून पाहिलं. आली! मुद्राक खरोखरचा दचकला. काठी एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि तो स्वतः पियानोवर बसला. पियानो एकदाच किंचाळला. त्या दुकानात पूर्वी आणि नंतर कधी असं हसू झालं नाही. बायका एकमेकींच्या खांद्यावर रडत होत्या. फ्राऊ वुट्के तोंडात हातरुमाल कोंबून बसली होती, आणि तरी रुमालातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

मी मात्र अर्ध्यात थांबले. माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. त्या दुकानात पीस एकही नव्हतं. आणि जे नाक अकरा वर्षं पिसांच्या ढगात हललं नाही, ते गच्चीवर एका पिसानं हललं होतं? मग ती उशी, "पिसांना मी ओळखते," आणि माझ्या लांब टाक्यांवरून फिरलेला तो अंगठा...

हेर फेन्स्के हसत नव्हते. हातात खिशातलं घड्याळ धरून ते हसणाऱ्यांकडे बघत होते. हसू पुरतं ओसरल्यावर त्यांनी घड्याळ मिटलं आणि पुढे आले. टिला अजून खोक्याशेजारी जमिनीवरच होती.

"माझं काम गेलं ना?" तिनं विचारलं.

"एक मिनिट चाळीस सेकंद," ते म्हणाले. "कापलेला तुकडा टोपलीत आहे. उद्या जोडतो."

"आणि पाटीवर नाव?"

"नाव घालू. पण कूबिश... कूबिश जरा कोबीसारखं वाटतं. तुम्हालाही एखादं फॉन लावून घेऊ."

"कूबिशच घाला," टिला उठत म्हणाली. "आणि ठळक घाला. फ्राऊ वुट्केला चष्मा लागतो."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लढाईच्या आधी सोळा चित्रं, सगळी 'टिला'ची: टिला बिऱ्हाड हलवते, टिला पोलिसाला पोहायला शिकवते, टिला आणि तिची सहा जावई-मंडळी. रस्त्याच्या कोपऱ्यांवरच्या जाहिरातींच्या जाड खांबांवर तिचं नाक माझ्या खिडकीएवढं. लिओनीनं रागलोभ धरला नाही. म्हणाली, बरं झालं, मला फरशीवर बसून थंडी भरायची. आणि ती मरायच्या भूमिकांकडे वळली, ज्यात पलंग मिळतो. लढाईत, त्या सलगमाच्या हिवाळ्यात, सकाळी सलगमाचं सूप, दुपारी सलगमाचा पाव आणि रात्री सलगमाचीच कॉफी होती तेव्हा, रांगेत उभ्या असलेल्या बायकांना टिला नुसतं तोंड करून दाखवायची. काही बोलायची नाही. रांग तेवढीच राहायची, पण पाय हलके व्हायचे. आता ती शहराबाहेरच्या मोठ्या काचघरांत सासवा आणि घरमालकिणी करते. पुढच्या घरात, रस्त्याकडे सज्जा असलेल्या जागेत राहते. आवार मात्र सोडलं नाही. कांदा आता स्वयंपाकीण परतते.

आणि मी? मी नऊ वर्षं लोकांना माझ्या बाजूची गोष्ट सांगत आले. डोक्यात दिवा लागला होता खरा, पण जो दिवा आपल्याच टाक्यांवर पडतो तो माणूस जरा बारीक करून ठेवतो. मी म्हणायची, "टिलाला टिला केलं ते माझ्या पिसांनी. माझा टाका तुटला नसता तर ती आजही पाठ असती." बोल्टे मान डोलवायचा, कारण मोटारीची थाप तोवर शिळी झाली होती.

गेल्या महिन्यात एका वर्तमानपत्राचा माणूस आवारात आला, टिलावर लिहायला. तो टिलाच्या सज्ज्याखालीच मला भेटला हे त्याचं नशीब. मी त्याला खुर्ची दिली, माल्ट-कॉफी दिली, आणि सांगायला लागले. बदक भाजलेलं गाळलं, बाकी सगळं सांगितलं. तो भराभर लिहीत होता.

"म्हणजे, फ्राऊ नोआक," तो म्हणाला, "जर्मनीतल्या या थोर विनोदी नटीचा जन्म तुमच्या शिवणीतून झाला, असं लिहू?"

"लिहा की," मी म्हटलं. "नोआक, हुल्डा. ठळक."

वर सज्ज्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टिला कठड्यावरून वाकली. हातात पाव, एक भुवई वर.

"हुल्डा," ती म्हणाली, "पिसं तुझी होती. शिंक माझी होती."